टॉम यम चिकन सूप घरी: प्रमाण, क्रम आणि फसण्याच्या जागा

पळीपंचपात्र

आपल्याकडे हॉटेलात टॉम यम मागवलं की बऱ्याचदा नेहमीचंच हॉट अँड सावर येतं, वर गवती चहाची एक काडी तरंगत असते. कॉर्नफ्लोअर घातलं असेल तर ते टॉम यम नव्हे. थायलंडमध्ये हे सूप पातळच असतं. त्याचा जोर दाटपणात नसून वास, मीठ आणि आंबटपणात असतो. तिकडे ते सुरुवातीला वेगळं न देता जेवणात भाताबरोबर मधोमध ठेवतात. कोळंबीचं टॉम यम २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं, त्यामुळे सगळीकडे त्याचीच पाककृती दिसते. चिकनच्या टॉम यमला वेळेचं गणित वेगळं लागतं, म्हणून हा स्वतंत्र धागा.

चार जणांसाठी, भाताबरोबर:

चिकन स्टॉक १ लिटर, बिनहाडाची तंगडी (थाय) ३५० ग्रॅम, गवती चहाचे जाड दांडे ३, ताजं गलांगल (आल्याच्या जातीचा कंद) २५ ते ३० ग्रॅम, मकरूट लिंबाची पानं ६ ते ८ (दुकानात काफिर लाइम म्हणून मिळतात), सांबाराचे छोटे कांदे ५, धिंगरी किंवा बटण मशरूम २०० ग्रॅम, घट्ट टोमॅटो २, लवंगी मिरच्या ६ ते १०, फिश सॉस ३ टेबलस्पून, ताज्या लिंबाचा रस ४ टेबलस्पून, साखर १ टीस्पून, नाम प्रिक पाव (भाजक्या मिरचीचा थाई ठेचा) २ टेबलस्पून, मूठभर कोथिंबीर.

स्टॉक उकळला की ठेचलेले दांडे, गलांगलच्या चकत्या आणि अर्धे केलेले कांदे घालून झाकण ठेवा, मंद आचेवर ५ मिनिटं. मग चिकनचे इंचभर तुकडे आणि अर्धा फिश सॉस. आच अशी हवी की कडेला बारीक बुडबुडे यावेत, खळखळ उकळी नको. ७-८ मिनिटांत तंगडी शिजते. फेस आला तर काढा. मशरूम घालून २ मिनिटं, टोमॅटोच्या फोडी आणि मधली शीर काढून फाडलेली मकरूटची पानं घालून आणखी १ मिनिट. ठेचा आणि साखर विरघळवा आणि गॅस बंद करा.

लिंबू आता, गॅस बंद झाल्यावर, नाहीतर सूप कडवटतं. रस, उरलेला फिश सॉस आणि चेचलेल्या मिरच्या वाढायच्या भांड्यातच घाला आणि वरून सूप ओता. कोथिंबीर घालून लगेच वाढा.

नवशिका_२

वाचनखूण साठवली. गलांगल इथे मिळत नाही, आलं चालेल का? आणि गवती चहाच्या पाती दारातच आहेत, मग दांडे विकत कशाला आणायचे?

पळीपंचपात्र

आलं घातलंत तर सूप वाईट होणार नाही, पण आल्याच्या रश्श्याकडे झुकेल. आल्याची झणझण वेगळी. गलांगलला थोडा कापरासारखा, निलगिरीच्या जवळचा गार वास असतो आणि तिखटपणा कमी. नाइलाज असेल तर आलं ८-१० ग्रॅमच घ्या आणि लिंबाच्या हिरव्या सालीचा पातळ पापुद्रा जोडीला टाका, पांढरा भाग अजिबात नको. आल्याचं प्रमाण गलांगलइतकं ठेवलंत तर बाकी सगळे वास मेले.

काष्ठौषधी

गलांगल म्हणजे आपलं कोळिंजन. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात कुलिंजन या नावानं वाळलेले तुकडे मिळतात. ते टणक असतात आणि वास औषधी, म्हणून ४-५ लहान तुकडे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून घाला आणि वाढण्याआधी काढून टाका. पूड घेऊ नका, सूप गढूळ होतं आणि घशात चरचरतं.

ओली_चटणी

गवती चहाचं झाड तेच, भाग वेगळा. चहात आपण पात घालतो, सुपाला लागतो मुळाजवळचा पांढरट दांडा, बुडापासून वर वीतभर. घरच्या कुंडीतले दांडे पेन्सिलीएवढेच बारीक असतात, तेव्हा ३ ऐवजी ६-७ घ्या. वरची दोन वाळकी वेष्टनं सोला, बुडाची चकती उडवा, वरवंट्यानं दांडा फुटेल इतपत ठेचा आणि तिरके दोन-दोन इंचाचे तुकडे करा. ठेचल्याशिवाय वास उतरत नाही, आणि बारीक चिरलात तर प्रत्येक घोटाला दाताखाली काथ्या.

पातींचीच वेळ आली तर ४-५ पातींची गाठ मारून सोडा आणि ३-४ मिनिटांनी काढा. जास्त ठेवल्या तर सुपाला काढ्याचा वास येतो.

बँकॉकवासी

इथल्या मंडईत दांडे, गलांगल आणि मकरूटची पानं अशी तयार जुडीच मिळते, कधी त्यातच मिरच्या आणि छोटे कांदेही असतात. बाजारवाल्यांनी सूप आधीच जुळवून ठेवलेलं असतं म्हणा ना. तिन्ही गोष्टी फ्रीजरमध्ये उत्तम टिकतात. दांडे सोलून, गलांगल चकत्या करून, पानं तशीच पिशवीत. वापरताना वितळवायची गरज नाही, गोठलेल्याच उकळत्या स्टॉकमध्ये. तेव्हा पुण्यात मार्केटयार्डला किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला फेरी झालीच तर एकदम जास्त आणून ठेवा. वाळवलेल्या मकरूटच्या पानांच्या नादी मात्र लागू नका, वास जवळजवळ गेलेला असतो.

आणखी एक. हे तिन्ही जिन्नस खायचे नसतात. इथे ते वाटीतच राहू देतात आणि खाणारा बाजूला सारतो. पाहुण्यांना आधी सांगा, नाहीतर कोणीतरी गलांगल बटाटा समजून चावत बसेल.

मोजूनमापून

स्टॉकबद्दल कोणी लिहिलं नाही आणि निम्म्या जणांचं तिथेच फसतं. कोंबडीचा सांगाडा, माना आणि पंख मिळून ८०० ग्रॅम, थंड पाणी पावणेदोन लिटर. पहिल्या उकळीपर्यंत झाकण नको, वर येणारा करडा फेस पळीनं काढत राहा. मग ४-५ कोथिंबिरीची मुळं (स्वच्छ घासून), ३ लसूण पाकळ्या, १० पांढरे मिरे. पाऊण ते एक तास मंद आचेवर. गाळल्यावर सव्वा लिटरच्या आसपास उरतो. मीठ घालू नका, मीठ फिश सॉसमधून येणार आहे.

हळद नको, तेजपान नको, आलं-लसूण पेस्ट तर नकोच. चिकन दिसलं की हात हळदीच्या डब्याकडे जातो, तो आवरा.

नवशिका_२

कुकरला लावला तर? वेळ वाचेल.

मोजूनमापून

लावा, पण कुकर आपोआप निवू द्या. शिटी उचलून वाफ काढलीत की आतलं पाणी एकदम खदखदतं, चरबी आणि गाळ त्यात घोटले जातात आणि स्टॉक दुधाळ होतो. चवीला फार फरक नाही, पण साफ रश्श्याचं टॉम यम करायचं असेल तर डोळ्याला खुपतो. दूध घालून करणार असाल तर बिनधास्त.

स्टॉक क्यूब वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या, क्यूबमध्ये मीठ भरपूर असतं. एक क्यूब टाकलीत तर फिश सॉस निम्म्यापासून सुरू करा.

आंबटशौकीन

४ टेबलस्पून लिंबूरस म्हणजे किती लिंबं? माझ्या मते हे प्रमाण भारतीय लिंबाला जास्त आहे.

पळीपंचपात्र

कागदी लिंबू मध्यम असेल तर १० ते १५ मिली रस देतं, म्हणजे ४ ते ६ लिंबं. आकड्यावर भांडण्यापेक्षा क्रम पाळा. आधी मीठ बसवायचं, मग आंबट. फिश सॉसमध्ये १०० मिलीला साधारण २० ते २५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे ४५ मिलीतून लिटरभर सुपाला १० ग्रॅमच्या आसपास येतं. रस घालायच्या आधी चाखलंत तर सूप किंचित खारटच लागलं पाहिजे. आंबट पडलं की खारटपणा मागे सरतो. आधीच ‘बरोबर’ लागत असेल तर लिंबू घातल्यावर ते अळणी आंबट लागणार, आणि मग लोक वाटतं तेवढं लिंबू पिळत सुटतात. तिथे लिंबाऐवजी अर्धा चमचा फिश सॉस घालून बघा.

रस तीन हप्त्यांत घाला: निम्मा, मग पाव, मग चाखत उरलेला. पुढे गेलंच तर साखर मारू नका, थोडा गरम स्टॉक ओता.

आंबटशौकीन

हे पटलं. पण चिंचेचा कोळ वापरला तर लिंबाच्या कडूपणाची भीतीच नाही. आणि कोकम?

बँकॉकवासी

चिंच घातली की ते दुसऱ्या सुपाकडे जातं. टॉम क्लाँग म्हणून एक प्रकार आहे, धुरावलेल्या सुक्या माशाचा. त्यात चिंच, भाजलेले कांदे आणि सुक्या मिरच्या असतात, लिंबाचा तजेला तिथे नकोच असतो. टॉम यममध्ये चिंच आधाराला चालते, म्हणजे टेबलस्पूनभर पातळ कोळ उकळीत आणि वर लिंबू. नुसत्या चिंचेवर केलंत तर टोमॅटोमुळे चव साराच्या वळणावर जाईल. कोकम तिकडच्या घडणीत बसत नाही, रंगही काळपट करतं.

कोथिंबीरकाडी

सूप कडू होतं ते नेमकं कशानं? लिंबू गॅस बंद केल्यावरच घातलं तरी कधी कधी कडवटपणा येतो.

ओली_चटणी

कुठली कडू चव आहे ते ओळखा, कारण चार वेगळ्या जागा आहेत.

जिभेच्या मागे रेंगाळणारा कडूपणा असेल तर लिंबू. स्टीलच्या दाबयंत्रात लिंबू चपटं होईपर्यंत दाबलं की सालीतलं तेल आणि पांढऱ्या भागाचा अर्क रसात उतरतो. बिया गरम सुपात पडून राहिल्या तरी तेच. हातानं पिळा, गाळा, आणि आयत्या वेळी पिळा. आधी काढून ठेवलेला रस कडवटतो, बाटलीतला तर सोडूनच द्या.

जळका कडूपणा असेल तर दोष ठेच्याचा. मिरची किंवा लसूण तळताना काळपटली. त्यावर इलाज नाही, नवा ठेचा.

झाडपाल्याचा कडूपणा असेल तर मकरूटची पानं शिरेसकट गेली किंवा सूप त्यांच्यासकट अर्धा तास गॅसवर राहिलं. मकरूट नाही म्हणून साध्या लिंबाची पानं घालणाऱ्यांनी तर ती गॅस बंद करतानाच टाकावीत आणि पाच मिनिटांत काढावीत.

चौथी जागा चिकनची. कलेजीजवळचा हिरवा डाग, म्हणजे पित्ताशय फुटल्याची खूण. सांगाडा घेताना तो भाग बघून घ्या.

सुकट_बोंबील

नाम प्रिक पाव बाटलीतला आणायची गरज नाही. त्याला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी कोकणातल्या घरात पडलेल्याच असतात.

बेडगी २० ग्रॅम, लवंगी किंवा कुठलीही झणझणीत सुकी मिरची ५ ग्रॅम, छोटे कांदे १०० ग्रॅम, लसूण ६० ग्रॅम, सुका जवळा किंवा सोडे २० ग्रॅम, तेल १५० मिली, चिंचेचा दाट कोळ ३ टेबलस्पून, माडाचा किंवा ताडाचा गूळ ५० ग्रॅम, फिश सॉस २ टेबलस्पून.

जवळ्यात वाळू असते. आधी चाळा, मग तव्यावर कोरडाच परता आणि तळाशी राहिलेली पूड टाकून द्या. सोडे मोठे असतील तर मोडून घ्या. कांदा आणि लसूण पातळ चिरून गार तेलात घाला आणि मग मंद गॅस लावा. दोन्ही वेगवेगळे तळायचे, एकत्र नाही, कारण लसूण कांद्याच्या कितीतरी आधी होतो. लसूण वाळल्या गवताच्या रंगावर आला की लगेच उपसा. बाहेर काढल्यावरही तो एक छटा पुढे जातो. मिरच्या बिया काढून त्याच तेलात १५-२० सेकंद, फुगल्या की बाहेर. शेवटी जवळा अर्धा मिनिट.

सगळं पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये जाडसर वाटा, तेलात परत टाका, कोळ, गूळ, फिश सॉस घालून मंद आचेवर ५-७ मिनिटं. रंग गडद तपकिरी लाल झाला आणि कडेला तेल सुटलं की उतरवा. चव गोड, आंबट, खारट, धुरकट अशी हवी. तिखट शेवटी लागलं पाहिजे. कोरड्या बरणीत, वर तेलाचा थर ठेवून फ्रीजमध्ये, ओला चमचा घालू नका. महिनाभर सहज जातो, उरला तर पावाला लावा.

सुपावर लाल तेलाचे थेंब तरंगतात ते ह्याचेच. ते काढू नका.

तिखटजाळ

मिरच्या उकळत घालायच्या की शेवटी ठेचून? हॉटेलातल्या सुपाचा ठसका नाकात जातो, घरी नुसतं तोंड भाजतं.

पळीपंचपात्र

मिरची उकळली की तिखट सगळ्या सुपात पसरतं आणि हिरवा वास जातो. शेवटी चेचून घातली की वास राहतो, तिखट वाफेबरोबर वर येतं आणि ठसका लागतो. लहान मुलं जेवायला असतील तर अख्खी मिरची, देठ काढून, न चेचता. फुटली नाही तर नुसता सुगंध येतो. आणि मिरचीचा जाळ पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात आणि दुधात विरघळतो. त्याच मिरच्या साफ रश्श्यात जास्त बोचतात आणि दुधाळ सुपात मवाळ लागतात, ते ह्यामुळे.

कोथिंबीरकाडी

दुधाळवरून आठवलं. दूध फाटतंच.

मोजूनमापून

तीन ठिकाणी चूक होऊ शकते. पहिली म्हणजे कंडेन्स्ड मिल्क. ते गोड असतं, डब्याच्या दिसण्यावर जाऊ नका. थायलंडमध्ये घालतात ते एव्हॅपोरेटेड मिल्क, साखर नसलेलं आटीव दूध, लिटरला ८० ते १०० मिली. ते कारखान्यातच स्थिर केलेलं असल्यानं आंबटापुढे बऱ्यापैकी टिकतं. घरी म्हशीचं दूध निम्म्यावर आटवलंत तर चव जमते, पण ते लवकर फाटतं. दूध पावडर ४ टेबलस्पून ८० मिली कोमट पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवली तरी काम होतं.

दुसरी चूक उकळत्या सुपात दूध ओतण्याची. गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, वाटीभर सूप दुधात मिसळा आणि मग ते सगळं पातेल्यात.

तिसरी म्हणजे लिंबू दुधातच पिळणं. दूध आधी, ढवळून एकजीव, मग रस धार धरून, ढवळत. त्यानंतर पातेलं परत गॅसवर चढलं की फाटलंच समजा. पुन्हा गरम करायचं असेल तर दूध आणि लिंबू वगळून ठेवलेला भाग गरम करा.

बँकॉकवासी

नारळाचं दूध घालणार असाल तर फाटण्याचा प्रश्न सोपा, पण मग ते टॉम खाच्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या थाई सुपाच्या जवळ गेलं. तिथे गलांगल दुप्पट, ठेचा सहसा नाही आणि आंबटपणा निम्मा. आपल्याकडे हॉटेलात दोन्हींची सरमिसळ करून एकाच नावानं विकतात. चवीला बरं असतं, पण टॉम यम म्हणून ते प्रमाण धरू नका.

रश्श्याचा_भोक्ता

गावरान कोंबडी घेतली तर वेळ किती? तंगडीचे तुकडे ८ मिनिटांत होणार नाहीत.

बँकॉकवासी

नाहीच होणार, आणि पद्धतही बदलायला हवी. थायलंडमध्ये गावठी कोंबडीचं टॉम यम हाडासकट करतात. वेगळा स्टॉक लागत नाही, कोंबडीच स्टॉक देते. किलोभर कोंबडीचे लहान तुकडे, पाणी दोन लिटर, थोडं मीठ, गलांगल आणि दांडे पहिल्यापासून. वयाप्रमाणे एक ते दीड तास मंद आच. सुरी टोचून बघण्यापेक्षा तंगडीच्या टोकाचं मांस हाडावरून वर सरकलं का ते बघा. इतका वेळ उकळल्यावर दांड्यांचा वास उडालेला असतो, म्हणून शेवटच्या ५ मिनिटांत नवे ठेचलेले दोन दांडे आणि पानं. मीठ आधी घातलंय, तेव्हा फिश सॉस २ टेबलस्पूनवर थांबून चाखा.

ह्याचाच एक भाऊ आहे, तो महाराष्ट्रात सहज करता येईल: चिंचेच्या कोवळ्या पाल्याची कोंबडी. शिजलेल्या कोंबडीत दोन मुठी कोवळा पाला, ३-४ मिनिटं उकळी, आणि लिंबू अगदी थोडं किंवा नाहीच. पाला तांबूस-पोपटी आणि नखानं सहज तुटणारा हवा, जून पानं तुरट लागतात. पावसाच्या आधी फुटणारी पालवी उत्तम. ह्यात ठेचा आणि दूध दोन्ही नको.

सुकट_बोंबील

हे सोलापूर-मराठवाड्याकडच्या लोकांनी करून बघायला हवं, चिंच दारात आणि गावरान कोंबडी बाजारात. तिरफळ चालेल का ह्यात?

बँकॉकवासी

ह्यात नको, लिंबाच्या वासाशी तिरफळ भांडतं. उत्तर थायलंडमध्ये तिरफळाच्याच गोतातलं मखवेन वापरतात, पण ते लाप नावाच्या खिम्याच्या पदार्थात.

कोथिंबीरकाडी

फिश सॉसचा वास घरात कोणाला सहन होत नाही. काढून टाकला तर काय घालायचं?

ओली_चटणी

आधी अर्धा सॉस चिकनबरोबर उकळून बघा. कच्चा वास उकळीत बराच जातो, नाकाला येतो तो शेवटी ओतलेला. मग शेवटचा भाग मिठानं भरून काढा. पूर्ण टाळायचाच असेल तर हलका सोया सॉस दीड टेबलस्पून आणि मीठ अर्धा टीस्पून, शिवाय ४-५ वाळलेले शिटाके मशरूम भिजवून त्यांचं पाणी गाळून स्टॉकमध्ये. डार्क सोया नको, सूप चॉकलेटी होतं. कोळंबीची अॅलर्जी असेल तर ठेच्यातला जवळाही वगळा, आणि बाटलीतल्या ठेच्याचं लेबल वाचा, बहुतेकांत सुकी कोळंबी असते.

नवशिका_२

वीस माणसांसाठी करायचं आहे. आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येईल?

मोजूनमापून

स्टॉक ५ लिटर आदल्या दिवशी. त्यातच दांडे आणि गलांगल ५ पटीनं घालून १० मिनिटं उकळा आणि गाळून टाका, रात्रभर त्यातच ठेवू नका. लवकर निववा, म्हणजे पातेलं थंड पाण्याच्या परातीत, आणि मग फ्रीज. सकाळी वर गोठलेली चरबी निम्मी काढा.

चिकन पावणेदोन किलो, हे मात्र त्याच दिवशी. एकदम सगळं घातलंत तर स्टॉक गार पडतो आणि पुन्हा तापेपर्यंत चिकन कोरडं होतं, म्हणून दोन हप्त्यांत शिजवा आणि झाऱ्यानं उपसून ठेवा. वाढायच्या दहा मिनिटं आधी मशरूम, मग टोमॅटो, नवे दांडे आणि पानं, आणि शेवटी चिकन परत.

मिरच्या सरसकट ५ पट करू नका, २५ पासून सुरुवात आणि बाकीच्या चेचून वाटीत बाजूला. लिंबूरस साधारण ३०० मिली लागेल. तो मोठ्या पातेल्यात घालू नका, पंगत लांबली तर शेवटच्या माणसाला कडूच जाईल. प्रत्येक वाटीत १ टेबलस्पूनला थोडा कमी रस आधी घालून ठेवा आणि वरून पळीनं सूप ओता.

नवशिका_२

आणि भात कुठला? बासमती?

पळीपंचपात्र

बासमती फार मोकळा. जास्मिन नसेल तर आंबेमोहर किंवा इंद्रायणी, पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी. भात वेगळ्या ताटलीत वाढा, सुपात कालवून नाही.